आधी पिन, मग वॉट

दादाचा स्टिरिओ तू माळ्यावरून खाली काढलास, फार चांगलं केलंस. पण काल फोनवर तुझा पहिलाच प्रश्न काय, तर "आत्या, नवा ॲम्प्लिफायर किती वॉटचा घेऊ?" म्हटलं, हे आता नीट लिहूनच पाठवावं. रेडिओच्या कारखान्यात लाइनवर बसून सोल्डर मारण्यात माझं नोकरीचं सारं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर अर्ध्या पेठेचे सेट माझ्या टेबलावरून गेले. त्या जोरावर सांगते, तुझ्या दहा-बारा हजारांत चांगला नवा ॲम्प्लिफायर बसत नाही, आणि तो लागतही नाही.

जुना संच तीन वाटांनी म्हातारा होतो. जे घासतं ते झिजतं, ज्यात रसायन भरलंय ते सुकतं, आणि जिथं धातूला धातू टेकतो तिथं काट चढतो. पिन, रबराचं चाक, बेल्ट हे झिजणारे. कंडेन्सर सुकणारे, आणि स्पीकरच्या कडेचा फोम विरणारा, तोही याच रांगेतला. व्हॉल्युमचा पॉट, सिलेक्टरचा स्विच, मागची सॉकेटं यांच्यावर काट. बाकी ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची चॅसी, लाकडी पेटी, स्पीकरचं चुंबक यांना चाळीस-पन्नास वर्षांत फारसं काही होत नाही. त्या काळी मुंबईची कॉस्मिक किंवा कोलकात्याची सोनोडाइन घेताना लोकांचा महिन्याचा पगार जायचा, तो या जड सामानातच जायचा. ते तुझ्याकडे फुकट आलंय. तुझे पैसे फक्त पहिल्या तीन ठिकाणी.

त्याआधी एक. इतकी वर्षं पडून असलेला ॲम्प्लिफायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा नाही. आधी सिरीज लॅम्प कर. लाकडी पाटीवर एक बल्बचा होल्डर, एक सॉकेट, आणि फेजची तार होल्डरमधून होऊन सॉकेटला. होल्डरमध्ये साठ किंवा शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, त्याचा इथं उपयोग शून्य. आता सेट त्या सॉकेटला लाव आणि बटण दाब. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मग मंदावला तर आतले मोठे कंडेन्सर भरले, सगळं ठीक. तसाच लख्ख पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. ताबडतोब बंद कर. सगळा करंट बल्बनं अंगावर घेतला म्हणून तुझा ट्रान्सफॉर्मर वाचला.

बल्ब मंदावला तरी लगेच स्पीकर जोडू नको. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलांमध्ये मोज. सुरुवातीला आकडा पळेल, मिनिटभर थांब. काही मिलिव्होल्टांवर, फार तर पन्नासच्या आत स्थिरावला तर ठीक. तिथं चार-पाच व्होल्ट डीसी दिसला आणि तू स्पीकर लावलास, तर त्याची कॉइल जळालीच म्हणून समज. आणि झाकण उघडायचं ते प्लग काढूनच. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. शंभर ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर पक्कडीत धरून त्याच्या दोन टोकांना काही सेकंद टेकव, मग हात घाल. काही मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडतात, तो शहाणपणा नको. व्हॉल्व्हचा रेडिओ असता तर मी तुला झाकणसुद्धा उघडू दिलं नसतं. तिथं अडीचशे व्होल्टांच्या पुढचा डीसी असतो.

आता सगळ्यात स्वस्त काम, आणि फरक मात्र सगळ्यात मोठा. व्हॉल्युम फिरवला की खरखर येते, डावा स्पीकर मधूनच गायब होतो, टोन कंट्रोलला हात लावला की कडकड होते, यातलं बहुतेक सगळं काट आणि धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आण. पॉटच्या पाठीला टर्मिनलांजवळ फट असते, तिथं नळी लावून एकच फवारा मार आणि मुठी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीसदा फिरव. सिलेक्टरचंही तसंच. गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे यासाठी वापरू नको. तो आत तेलकट थर सोडतो आणि त्यावर धूळ जमते. मागच्या सॉकेटांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या काडीनं. दादाच्या सेटला पाच पिनांची गोल डिन सॉकेटं असतील. ती उखडून नवी बसवायच्या भानगडीत पडू नको. डिनपासून लाल-पांढऱ्या आरसीए पिनांची तयार केबल मिळते.

एवढं झालं की दोन-चार दिवस नुसतं ऐक. काय कमी पडतंय ते कान सांगतील, आणि त्यावरून पुढचं काम ठरेल.

उदाहरणार्थ, तबला वाजतोय पण डग्गा ऐकूच येत नाही. लोक म्हणतात स्पीकर गेले. पण त्या काळच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांत स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कंडेन्सर असायचा, हजार किंवा बावीसशे मायक्रोफॅरडचा. आठ ओहमच्या स्पीकरला हजारवाला वीस हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ देतो. तोच सुकून शंभरवर आला, की दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. डग्ग्याची घुमक, तानपुऱ्याचा खर्ज, सगळं त्यातच. म्हणजे थोडक्या रुपयांचा कंडेन्सर बदलायचा तिथं माणूस काही हजारांचे स्पीकर आणतो, आणि डग्गा तरीही येत नाही. तसंच, गाणं नसताना सतत घुंऽऽ आवाज येतो आणि व्हॉल्युम कमी केला तरी जात नाही, तर पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर बघ.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेव. पॉवर सप्लायचा थोडा वाढवलास तर चालेल, दुप्पट-चौपट नाही. व्होल्टेज छापलंय तेवढं किंवा त्याहून जास्त, कमी कधीच नाही. १०५ डिग्रीवाला माग, ८५ चा नको. अंगावर पांढरा पट्टा असतो ती निगेटिव्हची बाजू. उलटा लावलास तर फुटतो, आणि तो वास चार दिवस खोलीतून जात नाही. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, आणि एक काढला की एक लाव. सगळे उपटून ढीग केलास तर संध्याकाळी मलाच फोन करशील.

हे सामान आणायला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. पुण्यात असतास तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हटलं असतं. कंडेन्सर पाकिटातले, कंपनीचं नाव वाचता येणारे घे. काउंटरवरच्या काचेच्या बरणीतले, वर्षानुवर्षं पडलेले नको, ते दुकानातच सुकलेले असतात. पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत आणखी सावध राहा. जुन्या देशी ॲम्प्लिफायरांत २एन३०५५ सर्रास असायचा, धातूच्या टोपीतला. आज त्या नावानं जे विकलं जातं त्यात नकली माल पुष्कळ. वरून टोपी तीच, आत चिप मात्र चिमुकली, पूर्ण व्हॉल्युमवर पाच मिनिटांत राम म्हणते. मूळचा चालू असेल तर त्याला हातच लावू नको. फक्त त्याच्याखालचा अभ्रकाचा पापुद्रा आणि वाळलेली हीट सिंक पेस्ट तेवढी बघ.

आता रेकॉर्ड प्लेयर. इथं जरा सावकाश वाच.

दादाचा गॅरार्ड आहे, इंग्लंडमधल्या स्विंडनचा. त्यात बेल्ट नसतो. मोटरची दांडी एका रबराच्या चाकाला फिरवते आणि ते चाक ताटलीला आतून. हे चाक घट्ट, चकचकीत झालं असेल तर घसरतं. अल्कोहोलनं पूस, अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरव, आणि चाकाच्या आसाला मशीन ऑइलचा एक थेंब. एकच. तेल रबरावर आलं तर सगळी मेहनत वाया. बेल्टचा प्लेयर असेल त्यांनी बेल्ट मापाचा आणावा. भाजीच्या जुडीचा रबर बँड लावून गाणं वाजवणारे मी पाहिलेत, त्या गाण्याला झोके घेण्याशिवाय दुसरं काम नसतं.

वेग तपासायला काही विकत आणायला नको. ताटलीच्या कडेला कागदाचा बारीक तुकडा चिकटव, एलपी लाव, पिन टेकव आणि मोबाइलवर तीन मिनिटं लाव. एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. अठ्ठ्याण्णव आले तर तयार कानाला पट्टी उतरलेली कळते. चौऱ्याण्णव आले तर काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये चाललंय. आणि त्र्याऐंशी आले तर तो प्लेयर अमेरिकेतून आलाय. तिकडची वीज साठ सायकलची, आपली पन्नासची, आणि अशी जुनी मोटर विजेच्या सायकलवर चालते. तुझ्या न्यू जर्सीच्या काकांनी पाठवतो म्हटलेला प्लेयर असाच निघायची शक्यता आहे. एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज सुटतं, सायकल सुटत नाही. पन्नास सायकलची पुली मिळत असेल तरच घे. आखातातून आलेल्या जपानी सेटांचं बरं असतं, त्यांच्या पाठीला बहुधा व्होल्टेजचा फिरता स्विच असतो. तो २४० वर आहे ना, एवढं बघायचं.

पिनेवर पैसे खर्च करताना हात आखडायचा नाही. साऱ्या संचात रेकॉर्डला प्रत्यक्ष टेकणारी वस्तू ती एकच, आणि झिजलेली पिन नुसतं वाईट वाजवत नाही, खाच कायमची खरवडते. हिऱ्याची पिन साधारण पाचशे ते हजार तास चालते, जुनी नीलमची त्याच्या मानानं काहीच नाही. दादाच्या प्लेयरला कुठली होती आणि किती वाजली हे आता कोण सांगणार? सरळ बदल. आणि एक लक्षात ठेव. ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डांची खाच रुंद असते, त्यांची पिनही जाड लागते, एलपीच्या पिनेच्या जवळजवळ चौपट. आजीच्या बालगंधर्वांच्या रेकॉर्डी एलपीच्या पिनेवर लावल्यास तर ती खाचेच्या तळाशी धुळीत लोळेल आणि ऐकू येईल नुसती भज्यांची कढई.

पिन कसली हे कार्ट्रिजवर ठरतं. जुन्या प्लेयरांत क्रिस्टल नाहीतर सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. क्रिस्टलमध्ये रोशेल नावाचा क्षार असतो, आणि दमट हवेत त्याचा निकाल लागतो. मुंबईत आणि कोकणात इतक्या वर्षांनी ते जिवंत असणं कठीणच. सिरॅमिक त्या मानानं टणक. आज सगळे मॅग्नेटिककडे जा म्हणतात आणि आवाजात फरक आहेच, पण मधली पायरी कोणी सांगत नाही. सिरॅमिक काही शे मिलिव्होल्ट देतं, मॅग्नेटिक चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचा भाग चढवलेला असतो, दोन्ही टोकांना जवळजवळ वीस डेसिबलांनी. हे माप १९५४ पासून ठरलेलं, आरआयएए म्हणतात ते. मॅग्नेटिकला हे उलटं करून देणारा फोनो प्रीॲम्प लागतो. तुझ्या ॲम्प्लिफायरच्या मागं मॅग्नेटिकची सॉकेटं असली तर उत्तम. नसली तर छोटी डबी वेगळी घ्यावी लागेल, तो खर्च आधीच धर. हे न करता कार्ट्रिज बदललं की आवाज डासासारखा येतो, आणि लोक नव्या कार्ट्रिजला शिव्या घालतात.

दुसरी अडचण हाताची. सिरॅमिकवाले हात जड असतात, चार-पाच ग्रॅम भारासाठी केलेले. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई दोन ग्रॅमवर चालतं, फार सुरेख वाजतं. पण आपोआप उचलणाऱ्या जुन्या चेंजरच्या हाताला दोन ग्रॅमवर धड चालताच येत नाही, ते खाच सोडून उड्या मारतं. अशा हाताला त्याच कंपनीचं स्वस्तातलं एटी३६००एल घाल. ते साडेतीन ग्रॅम सोसतं आणि तुझ्या बजेटमध्ये बसतं. भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घे. अंदाजानं वजन सरकवणं मला चालत नाही.

कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक तारा ओढताना तुटतात, म्हणून चिमट्यानं क्लिप धरून काढ, तार धरून नाही. पांढरी आणि निळी डावीकडची, लाल आणि हिरवी उजवीकडची. पांढरी-लाल प्लस, निळी-हिरवी मायनस. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डर लावायचं नाही. त्या उष्णतेनं आतली केसाएवढी तार सुटते आणि नवं कार्ट्रिज डब्यात जातं.

स्पीकरची जाळी काढ आणि कोनाच्या कडेला बोट लाव. कापड किंवा कागदाची कड असेल तर नशीबवान आहेस. फोमची असेल तर बोटाला काळा चुरा लागेल. फोम आपल्या दमट हवेत टिकतच नाही. दुकानदार म्हणेल, "कोनच बदलून देतो." त्याला हो म्हणू नको. नव्या कोनाचं वजन वेगळं, आवाज वेगळा, मग तो दादाचा स्पीकर राहतच नाही. आतला-बाहेरचा व्यास मोजून फक्त फोमची कड आण, जुना गोंद नखानं खरवड, नवी चिकटव, आणि गोंद ओला असताना कोन अंगठ्यांनी हलकेच आत-बाहेर करून ऐक. घासल्याचा आवाज आला तर जरा सरकव. मग दिवसभर हात लावू नको.

वायर दीड चौरस मिलिमीटरची साधी दुपदरी तांब्याची. बस्स. टोक चाकूनं खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. प्लस कुठलं हे कळत नसेल तर पेन्सिल सेल टर्मिनलांना क्षणभर टेकव. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस लागलं ते स्पीकरचं प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला की खर्ज पातळ होतो आणि गायक समोर न बसता खोलीभर हिंडतो.

आता तुझे वॉट. दहा वॉटचे वीस केलेस तर वाढ तीन डेसिबलांची. कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहाचे शंभर वॉट. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० चा लावला तर तीच तीन डेसिबल ॲम्प्लिफायरला हात न लावता मिळतात. नव्वदीत टेप रेकॉर्डरवर हजार-हजार पीएमपीओ छापून लोकांना वॉटचं जे वेड लावलं, ते अजून उतरलेलं नाही. तुझ्या दहा बाय बाराच्या खोलीला दादाचे पंधरा वॉट पुरून उरतात. शेजारच्यांचाही विचार कर.

जागेचं फुकटात होतं. स्पीकर कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून हातभर पुढे घे, बारीक आवाजाचा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ दे. तुझ्याकडे सगळीकडे टाइल्स. समोर सतरंजी टाक, मागच्या भिंतीला जाड पडदा. प्लेयर आणि स्पीकर एकाच कपाटावर ठेवायचे नाहीत, स्पीकरची थरथर पिनेत शिरून हूऽऽ सुरू होतं. प्लेयरखाली कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली चार रबराचे पाय. ओटे करणाऱ्याकडे उरलेला तुकडा मागितलास तर बहुधा तसाच देईल.

मोबाइलवरचं ऐकायला ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर घे आणि तो ऑक्स किंवा टेपच्या सॉकेटात लाव. फोनोमध्ये लावलास तर आवाज फाटेल. फोनचा व्हॉल्युम जवळजवळ पूर्ण ठेवून बाकीचं ॲम्प्लिफायरवर कमी-जास्त कर.

रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाकून खाचेच्या दिशेनं पूस, साध्या डिस्टिल्डनं पुन्हा एकदा, आणि उभ्या ठेव. लेबल ओलं होऊ देऊ नको. ७८ च्या रेकॉर्डांना अल्कोहोल अजिबात नाही, लाख विरघळते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सेट तासभर चालू ठेव, आतली ओल निघते. झाकणाच्या छिद्रांवर क्रोशाचा रुमाल नको. दादाची ती सवय मला कधीच आवडली नाही.

पैसे हातात उरले आणि दुसरा प्लेयर बघावासा वाटला तर चोरबाजारात मटण स्ट्रीटला जा. इकडे आलास तर आपला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. हात हलतो का, आस डुगडुगतो का, हेडशेल आहे का, एवढं बघ आणि मला व्हिडिओ कॉल कर. पण विकणाऱ्यासमोर नको, जरा बाजूला जाऊन कर. फोनवर कुणाला तरी विचारतोयस हे दिसलं की तो भाव वाढवतो.